परत घेतलेली माफी

"उठा रं."

तात्या एवढंच म्हणाले. तेही मोठ्यानं नाही. पण मांडवातली सगळी पंगत उठली. तोंडाशी गेलेले घास पत्रावळीवर परत पडले. कुणी हात धुतले, कुणी तसेच टॉवेलला पुसले. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाचं जेवण होतं. भात वाढून झाला होता, भातावर आमटी पडली होती, आणि माणसं चपला शोधत होती.

कारण माझ्या आईनं आमटी ढवळली होती.

ढवळली आणि चाखली. आचारी फोनवर बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेला होता. आमटी तळाला लागायला आली होती. आई तिथून चालली होती, तिला वास आला. जन्म चुलीपुढं गेलेली बाई, ती थांबतेय कशाला. तिनं पदर खोचला, डाव हातात घेतला, तळापासून ढवळली, पातेल्याखालची लाकडं मागं ओढली. डावातले थेंब तळहातावर घेऊन चाटले. मग मूठभर मीठ टाकलं आणि निघून गेली. वाढप्यांपैकी कुणीतरी बघितलं. ती बातमी पंगतीत फिरेपर्यंत आमटी वाढून झाली होती.

तात्या म्हणजे गावातलं मोठं घर. ऊस, दोन ट्रॅक्टर, घरातला एक माणूस फौजेत. त्यांचा शब्द खाली पडत नाही. ते सरळ माझ्याकडं आले. आईकडं गेले नाहीत, माझ्या वडलांकडं, आबांकडंही नाही. माझ्याकडं. बोटांना भात तसाच चिकटलेला.

"तू शिकलेली. तुझ्या भरवशावर आलो आमी. आईला एवढं सांगता आलं न्हाई व्हय तुला?"

मी हात जोडले.

"चुकलं, तात्या. आई चुकली. तिच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. दुसरी आमटी टाकतो आमी. तुमी बसा."

आई चुकली. हे माझे शब्द. कुणी माझ्या तोंडात घातलेले नाहीत. मागं वळून बघितलं तर आई तिथंच उभी होती, दोन हातांच्या अंतरावर. तिनं सगळं ऐकलं होतं.

मी सांगलीत राहते. विश्रामबागच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. कुठल्या दोन विधानांतून कुठलं तिसरं विधान निघतं आणि कुठलं निघत नाही, हे पोरांना सांगायचे मला पैसे मिळतात. त्या दिवशी भर मांडवात मी जे बोलले ते कुठल्या विधानातून निघत होतं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून मीच मला विचारतेय.

आमचं गाव औंधच्या अलीकडं. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून ओढ्याला सोडले, असं आबा अभिमानानं सांगतात. देव सोडले. आचारी मात्र सोडला नाही.

ही आचाऱ्याची गोष्ट बाहेरच्यांना समजत नाही, म्हणून सांगते. आमच्याकडं लग्न असलं, बारसं असलं, आणि गावाला जेवायला बोलवायचं असलं, तर आमच्या पैशानं, आमच्या दारात, आमच्या धान्याचं जेवण रांधायला त्यांच्यातला आचारी आणायचा. पाणी भरणारा त्यांच्यातला. वाढपी त्यांच्यातले. गावाचा मांडव वेगळा, आमचा वेगळा. आमच्यातल्या माणसानं चुलीच्या चौकटीत पाय ठेवायचा नाही. एवढं केलं की गाव येतं, जेवतं, तोंडभर आशीर्वाद देऊन जातं. भांडण नाही, शिवी नाही. उलट लोक कौतुकानं सांगतात की आमच्या गावात लय एकोपा आहे. आबांच्या लग्नात हेच झालं. माझ्या आत्यांच्या लग्नात हेच. याला कुणी अपमान म्हणत नाही. याला रीत म्हणतात.

आता माझी आई. आबा फौजेत होते तेव्हा ती आम्हा दोघांना घेऊन साताऱ्यात राहिली. मुलांच्या एका वसतिगृहाच्या खानावळीत तिनं जन्म काढला. स्वभावानं गोड वगैरे अजिबात नाही. फटकळ, हट्टी, आणि स्वतःच्या आमटीबद्दल तर भलतीच गर्विष्ठ. दुसऱ्याच्या घरचं जेवून आली की दारातच सुरू: "मसाला कच्चा व्हता," "वाटण पातळ," "फोडणीला हात आखडलाय बाईनं." भावाचं लग्न ठरलं त्या दिवसापासून तिनं आबांच्या मागं टुमणं लावलं होतं.

"ह्या येळंला मी करणार. माझ्या पोराचं लगीन हाय. खानावळीत परक्याची पोरं जेवू घातली, माझ्या पोराच्या लग्नात मी नुस्ती पाटावर बसू?"

आबांनी नेहमीसारखं उत्तर दिलं. "गावात ऱ्हायचंय आपल्याला." एवढं म्हणून ते पेपर उघडून बसले.

तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. शिकलेली लेक. पटवून देण्यात हुशार. मी आईला घेऊन बसले आणि तिला हिशोब समजावून सांगितला. आई, बघ. तू स्वयंपाक केलास तर तुला समाधान, बरोबर? पण गाव जेवणार नाही. आबांची मान खाली जाईल. नव्या सुनेचा पहिल्याच दिवशी विरस. आणि आचारी आणला तर तुझ्या एकटीचं मन थोडं दुखेल, बाकी सगळे खूश. कुणाचं काही नुकसान नाही. मग शहाणपण कशात आहे, तूच सांग. शिवाय त्यांची एक श्रद्धा आहे, आपली एक आहे. ज्याची त्याची तत्त्वं. कुणाचं तत्त्व चूक हे ठरवणारे आपण कोण?

हे बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. किती समतोल, किती समजूतदार. वर्गात मी याच चालीनं बोलते.

आई म्हणाली, "बरं." आणि उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती ती.

औंधला जाऊन आचारी मी ठरवला. गावात घरोघरी आमंत्रणाला मी फिरले. तात्यांच्या ओसरीवर बसून मीच त्यांना म्हणाले होते, "काळजी करू नका तात्या, सगळं रीतीनं होणार हाय." ते म्हणाले, "मग काय, येणार की." चहा आला तो मला कागदी कपात. त्यांना चिनी मातीच्या कपबशीत. मला ते दिसलं. मी मनात म्हटलं, आजकाल सगळीकडं कागदी कपच असतात. घ्या. तर्कशास्त्र.

तर पंगत उठली, मी हात जोडले, आणि तात्या चपलेत पाय घालता घालता थांबले. म्हणाले, "ती आमटी आधी टाकून द्या. मग बघू."

पातेलं मोठं होतं. एका माणसाला उचलण्यासारखं नव्हतं. एका बाजूनं आचाऱ्यानं धरलं. दुसऱ्या बाजूनं कोण धरणार? मी धरलं. लग्नासाठी नेसलेली पांढरी साडी खोचून. ती आमटी आम्ही मांडवामागच्या गटारीत ओतली. गरम होती, वाफ माझ्या तोंडावर आली. आणि मला त्या क्षणी काय वाटावं? वास छान येतोय, असं वाटलं. आईच्या हातचं मीठ बरोबर पडलं होतं.

आईनं ते बघितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती घरात गेली आणि सूनमुख बघायची वेळ झाली तेव्हाच बाहेर आली.

दुसरी आमटी झाली. गाव परत बसलं. जेवलं. पाणचट होती, मी चाखून बघितली. सगळे म्हणाले झकास झाली.

हात धुताना विलास माझ्याशेजारी आला. विलास तात्यांचा थोरला मुलगा. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच साताऱ्यात शिकलेला. ज्या वसतिगृहाच्या खानावळीत आई रांधायची, तिथंच तो राहायला होता. कॉलेज संपेपर्यंत त्यानं आईच्या हातचं खाल्लं. "मावशे, आणि येक डाव वाढ की," असं म्हणत ताट घेऊन तो चुलीपर्यंत यायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. मघाशी तात्या उठले तेव्हा त्यांच्याबरोबर उठणारा पहिला माणूस विलास होता.

"मनाला लावून घिऊ नगंस," तो हळू आवाजात म्हणाला. "माझं काय न्हाई गं. पर साताऱ्याचं येगळं, गावाचं येगळं. म्हाताऱ्या माणसांची तत्त्वं असत्यात. ज्याची त्याची."

ज्याची त्याची. माझंच वाक्य मला परत दिलं त्यानं. आणि मी मान डोलावली. हसलेसुद्धा असेन.

लग्नानंतर मी सांगलीला आले, रजा संपली, तास सुरू झाले. सुट्टीत गावी गेले की आईच्या हातचं जेवायचे. पहिल्यांदा वाटलं, वय झालं हिचं. कधी भाजी अळणी, कधी खारट. एकदा मी स्वयंपाकघरात तिच्या मागं उभी राहून बघत बसले. आणि कळलं. ती चाखत नव्हती. फोडणी, वाटण, मीठ सगळं अंदाजानं टाकत होती, ढवळत होती, झाकण ठेवत होती. तळहातावर थेंब घेत नव्हती. आबा अळणी आमटी मुकाट भुरकत होते, जणू फौजेतलं राशन.

मी म्हटलं, "आई, चाखून बघ की जरा."

"नगं," ती म्हणाली. "खाणारं खात्यात."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आईची काही चूक नव्हती आणि शिक्षा तिला होत होती. माझी चूक होती आणि मी आपली सांगलीत पगार घेत होते. कुणी माझ्याकडं बोट दाखवत नव्हतं. गावात तर माझं नाव निघालं होतं, पोरीनं प्रसंग कसा सांभाळला म्हणून. आपण गुन्हा करावा आणि लोकांनी हार घालावा, तसं ते होतं.

वर्गात नीतीचा धडा आला. चूक-बरोबर हे माणसाच्या स्वतःच्या तत्त्वांवर ठरतं, की ते सगळ्यांसाठी एकच असतं आणि बुद्धीनं शोधता येतं? दरवर्षी शिकवते. दोन्ही बाजू मांडते, दोन्हींतल्या अडचणी सांगते, फळा पुसते, निघून येते. आपण कुठल्या बाजूचे हे सांगायचं नाही, ही माझी शिकवण्याची पद्धत.

पोरांना मी एक कसोटी देते. भांडणातली नावं काढून टाका. जात, गाव, पैसा, नातं, सगळं काढा. नुसतं अ, ब, क ठेवा. मग माणसांच्या जागा बदलून बघा. जागा बदलल्यावर जे वाक्य तुम्हाला तोंडातून काढवत नाही, ते आधीही चूकच होतं. फक्त नावांच्या आड लपलं होतं.

त्या दिवशी काय झालं माझं मला माहीत नाही. फळ्यावर मी माझंच उदाहरण लिहिलं. ब नं एक पदार्थ केला. पदार्थ चांगला होता. अ नं तो ब नं केला एवढ्याचसाठी टाकायला लावला. क नं अ ची माफी मागितली आणि म्हणाली, ब चुकली. प्रश्न: चूक कुणाची?

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, क प्रॅक्टिकल आहे. भांडण मिटलं ना? सगळे जेवले ना?"

मला वाटलं मीच बोलतेय.

पुढं एक मुलगी बसते. जतकडची. बोलताना मधूनच कानडी हेल येतो, म्हणून बाकीची पोरं तिची चेष्टा करतात आणि ती फारसं बोलत नाही. ती उठली.

"पण मॅडम, अ नं चूक केली म्हणावं तर तो म्हणेल, माझं तत्त्व आहे. बरं. क चं काय? ब नं काही वाईट केलं नाही हे क ला माहीत होतं ना? मग ब चुकली असं क म्हणाली ते खोटं झालं. खोट्याला कशाचं तत्त्व?"

मग तिनं विचारलं, "क ही ब ची कोण होती?"

मी म्हटलं, "ते नावांत जातं. कसोटीत नावं घ्यायची नाहीत." आणि फळा पुसला. घंटा व्हायला वेळ होता, तरी वर्ग सोडला. स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

जागा बदलून बघितल्या मी. तात्यांच्या घरी लग्न आहे. तात्यांची बायको आमटी ढवळते. माझे आबा पंगतीतून उठतात आणि म्हणतात, हिनं हात लावला, टाकून द्या. विलास हात जोडून आबांना म्हणतो, आई चुकली. हे वाक्य मला मनातल्या मनातसुद्धा पुरं करता आलं नाही. हसू आलं. इतकं सोपं होतं ते. इतकी वर्षं हातात कसोटी घेऊन फिरत होते, आणि एकदाही ती माझ्या उंबऱ्याच्या आत नेली नव्हती.

आणि तो लग्नाआधी आईला शिकवलेला हिशोब? सगळे खूश, एकटीचं मन थोडं दुखेल. त्या हिशोबात आईचं मन थोडं धरायचं हे कुणी ठरवलं? मीच. तात्यांचं मन पुरं धरायचं हेही मीच. वजनं आधी ठरवून मग तराजू उचलला होता. त्याला मी तर्क म्हणत होते.

परवा गावी आले. उद्या भावाच्या मुलीचं बारसं आहे. घरातली पहिली नात. आबांनी परत सगळ्या गावाला सांगितलंय. आचारीही सांगितला होता, तोच औंधचा.

काल दुपारी तात्या स्वतः दारात आले. बरोबर विलास. आबांनी लगबगीनं खुर्च्या मांडल्या, स्वतः उभे राहिले. तात्यांचं वय झालंय आता, काठी टेकत आले होते. आवाज मात्र तोच.

"मागल्या येळचं झालं गेलं," ते म्हणाले. "आमी काय मनात धरलेलं न्हाई. फकस्त या टायमाला नीट करा. पोरांच्या पुढं शोभा नगं."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले. "आचारी सांगितलाय न्हवं."

आई आत होती. भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी उंबऱ्यात उभी होते. वर्गात तासन्‌तास बोलणारी मी, पहिला शब्द फुटेना.

"तात्या," मी म्हटलं, "आचारी येणार न्हाई. मी त्याला फोन करून नगं म्हणून सांगितलंय. सैपाक घरातच हुईल."

आबा माझ्याकडं बघत राहिले.

"आणि दुसरं. लग्नात मी तुमची माफी मागितली हुती. ती मी परत घेते."

विलास हसला. "माफी कवा परत घेत्यात व्हय गं?"

"चूक नसताना मागितलेली परत घेत्यात. आई चुकली असं मी म्हणाले ते खोटं हुतं. आई चुकली नव्हती. तुमी चुकला हुता, तात्या. आणि तुमच्यापेक्षा जास्त मी."

तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. चिडले नाहीत. म्हणाले, "आमची रीत हाय, पोरी. बापजाद्यापासनं. तुझं तत्त्व तुझ्यापाशी, आमचं आमच्यापाशी."

तेव्हा मी विलासकडं बघितलं. हे मी बोलणार नव्हते. दुसऱ्याचं उघडं पाडणं मला आवडत नाही. पण बोलले.

"तुमचा ह्यो मुलगा साताऱ्यात माझ्या आईच्या हातचं जेवून मोठा झाला. ताट घिऊन चुलीपाशी यायचा. तवा रीत कुठं हुती?"

विलासची मान खाली गेली. मला वाटलं होतं तात्यांना धक्का बसेल. ते लेकावर ओरडतील, नाही तर मला खोटारडी म्हणतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"मला ठावं हाय," तात्या म्हणाले. "मीच तर ठेवला हुता त्याला तिथं. येकदा मी बी जेवून आलो. तुझ्या आईनंच वाढलं मला. ग्वाड लागलं."

दावणीला शेळी ओरडली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? खाण्याचं काय न्हाई. पंगतीचं हाय. गावात कोण कुठं बसतं, कोण कुणाच्या हाताखाली, ह्ये दिसाय पायजे. न्हाई दिसलं तर गाव कसलं?"

इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. श्रद्धा नव्हतीच. विटाळ मानत नव्हते ते. तत्त्व नावाची वस्तूच तिथं नव्हती, आणि त्या नसलेल्या वस्तूचा मी मान राखला होता. तिच्यापायी मी माझ्या आईला भर मांडवात खोटं पाडलं. त्या माणसाला आईच्या जेवणाची चव माहीत होती, आणि तरी त्यानं ते टाकून द्यायला लावलं होतं. आणि पातेल्याचा दुसरा कान मी धरला होता.

"मग उद्या नगा येऊ, तात्या," मी म्हटलं. "किंवा या. पर आलात तर दिसंल त्ये बघावं लागंल."

ते उठले. आबांना म्हणाले, "लेकीला आवर. तुला हितं ऱ्हायचंय." आबा व्हय म्हणाले नाहीत, न्हाईही म्हणाले नाहीत. खुर्च्या उचलून आत ठेवल्या.

मी आत गेले. खरं सांगते, थोडी फुशारकी होती मनात. आई आता माझ्या पाठीवर हात ठेवेल, असं कुठंतरी वाटत होतं. आई परातीत तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही तिनं.

"मला इचारलंस?" ती म्हणाली.

"काय?"

"सैपाक मी करणार म्हून."

"मी फकस्त घरात हुईल म्हटलं…"

"घरात म्हंजी कोण करणार? तू? तुला धड भाकरी थापता येत न्हाई." ती खडे बाजूला टाकत होती. "तवा बी तूच ठरवलंस, मी करायचं न्हाई म्हून. आत्ता बी तूच ठरवलंस, मी करायचं म्हून. मी कवा ठरवायचं?"

मी तिच्यापुढं खाली बसले.

"आन् ह्ये जे आत्ता बोललीस," आई म्हणाली, "ह्ये तवा का न्हाई बोललीस? समदी हुती तवा. मी हुते, सून हुती, समदं गाव हुतं. आत्ता दोन माणसांपुढं बोलून काय?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही नाही. भीती वाटली, हे कारण आहे, उत्तर नाही. मी तिथंच बसून राहिले. "माझं चुकलं, आई," असं म्हटलं. तिनं ऐकलं. माफ केलं असं म्हणाली नाही. परात उचलून चुलीकडं गेली. तिनं म्हणावं अशी माझी अपेक्षाही चूकच आहे. माफी मागणं माझं काम, देणं तिचं.

आज सकाळी मी तिला विचारलं. नीट विचारलं, हिशोब न मांडता. उद्या तू करणार का? ती म्हणाली, "बघू." करेल, किंवा करणार नाही. ते ज्याचं त्याचं आहे, आणि त्यातलं ज्याचं म्हणजे फक्त तिचं. तिनं नाही म्हटलं तर मी रांधेन, भाऊ मदतीला आहे. कच्चंपक्कं होईल. पण तिनं आपल्या दारातल्या चुलीला हात लावणं चूक की बरोबर, हा प्रश्न तिच्यावर सोडलेला नाही. माझ्यावर नाही, तात्यांवर नाही, गावानं हात वर करून ठरवावं असाही नाही. तो कधीच सुटलेला होता. मला फक्त उत्तर वाचायचं नव्हतं.

दुपारी मांडववाला आला. सवयीनं त्यानं दोन मांडवांचं सामान आणलं होतं, एक गावाचा, एक आमचा. मी एकाचं परत पाठवलं. आबा ओट्यावर बसून बघत होते. थोड्या वेळानं उठले आणि त्या एका मांडवाचा खांब धरून उभे राहिले, मांडववाल्याला ठोकायला सोपं जावं म्हणून.

उद्या किती येतील माहीत नाही. कदाचित आमचीच माणसं असतील, बाकी मांडव रिकामा. कदाचित कुणी येईल, बसेल, आणि पहिल्या घासाला उठेल. उठू दे. मी त्याच्या मागं जाणार नाही. हात जोडणार नाही. आणि वाढलेलं अन्न या दारातून पुन्हा कुणाच्या सांगण्यावरून गटारीत जाणार नाही. ते उचलायला कुणी आलं, तर आधी त्याला माझे हात धरावे लागतील.